ढग महापेला असतो

दुकान उघडतो दहाला. तीन टाकीच्या मागे,
साडेबारा टक्क्यांत मिळालेल्या प्लॉटवरचा शेवटचा गाळा.
मायक्रोस्कोपवर फडकं, फडक्यावर काल रात्रीची धूळ.
चहा येईपर्यंत बातम्या वाचतो
आणि वाचता वाचता भांडतो. एकटाच.

आज म्हणतात, जगातला सगळ्यात पातळ फोन आलाय.
अरे, फोन आहे की पापड?
बॅटरी डिंकाने चिकटवली की होतंच पातळ.
ती काढायला मला हॉट प्लेट लागते, तार लागते,
आणि एकवीरेचं नाव.
हे त्यांच्या स्टेजवर कुणी बोलत नाही.

परवा कुमुदिनीबाईंच्या फोनला स्क्रीन बसवली.
ओरिजिनल. त्याच मॉडेलच्या एका मेलेल्या फोनची.
फोन सुरू झाला आणि पहिलंच वाक्य:
हा भाग ओळखीचा नाही.
एकाच कारखान्यात, बहुधा एकाच मंगळवारी जन्मलेले दोघे,
आणि म्हणे ओळखीचा नाही!
बाई घाबरल्या. माझ्याकडून काही चोरीबिरी झाली का रे, हरेश?
नाही हो बाई. तुम्ही फक्त पैसे दिलेत.
फोन अजून त्यांचाच आहे.

शेजारच्या रोझारिओचा प्रिंटर
शाई असून छापत नाही,
महिन्याचा हप्ता चुकला म्हणून.
डबी हलवली तर आत डुचमळते.
बारा वर्षं या धंद्यात आहे,
शाईला रुसताना पहिल्यांदा पाहिलं.

यंत्राच्या अकलेबद्दल विचाराल तर
मी आपला भाबडा, मला आवडते ती.
रात्री दोनला बोर्डाचा फोटो दाखवला,
शॉर्ट कुठे आहे ते तीनदा बरोबर सांगितलं,
चौथ्यांदा इतक्या ठासून चुकीचं
की मला आमचे माजी नगरसेवक आठवले.
आई मात्र तिच्याशी बोलायला गेली,
म्हणाली, कं झायला गो तुला, बोलत कं नाय?
तर तिने गुजरातीत उत्तर दिलं.
जगातली सगळी पुस्तकं गिळलीत म्हणे.
आमची बोली कुणी पुस्तकात घातलीच नाही फारशी,
त्यात तिची तरी काय चूक.

लोक म्हणतात, डेटा ढगात असतो.
मी ढग पाहिलाय. महापेला आहे.
खिडक्या नसलेली सहा मजली इमारत,
छतावर पंख्यांच्या रांगा, मागच्या गेटला डिझेलचा टँकर,
आणि हूं हूं असा एकच स्वर, दिवसरात्र,
जिथे काकाची भाताची खाचरं होती.
मे महिन्यात आमच्या गावठाणात पाणी दिवसाआड.
ढगालाच पाणी पाजावं लागतं,
हे पाचवीच्या भूगोलात नव्हतं.
तरी मुलाला स्कूटरवर नेऊन दाखवला मी तो.
ऐक, म्हटलं. हा आवाज म्हणजे तुझे रील.
खोटं कशाला, थोडी छाती फुगलीच होती.

मग गुरुवारी निनाद खानोलकर आला,
ऐरोलीच्या काचेच्या इमारतीतून.
गळ्यात अजून पट्टा, पट्ट्याला कार्ड नाही.
पहाटे पाच चाळीसला मेल आली,
पाच एक्केचाळीसला लॅपटॉप बंद.
त्याच कंपनीचा शेअर वर गेल्याचं मी सकाळी वाचलं होतं
आणि चहात बिस्किट बुडवत "शाब्बास" म्हणालो होतो.
तो म्हणाला, कामाचं काही नको, दादा.
एक फोल्डर आहे, मुलीच्या पहिल्या वर्षाचं.
दुसरीकडे ठेवायचं राहून गेलं.

पाठ उघडली. डिस्क काढली, लावून पाहिली.
आहे. सगळं जागच्या जागी आहे,
फक्त किल्ली सातासमुद्रापार,
आणि किल्लीवाल्याला नाव नाही, तिकीट नंबर आहे.
"सर्व काही उघडून मिळेल" अशी पाटी आहे दारावर.
मीच रंगवलेली.

तो बसून राहिला. मीही घाई केली नाही.
मग म्हणाला, तुम्ही एवढं वाचता,
तुमचं मत काय? कुठे चाललंय हे सगळं?
मतं होती. सकाळपासूनची साठलेली.
म्हटलं, तो टॉर्च धर जरा.
सोमवारी लॅपटॉप परत द्यायचाय ना तुला, जसाच्या तसा?
एक स्क्रू पडलाय इथेच कुठेतरी,
तांदळाच्या कणीएवढा.
पाय हलवू नकोस.